खेळातली हरवलेली गोडी

अमरावतीच्या पश्चिमेस काही कोसांवर, पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात, भातकुली हे गाव आहे. काळी कसदार जमीन, विहिरीला मचूळ पाणी, जुने जैन मंदिर आणि कापसाची शेते, एवढेच प्रवाशाच्या दृष्टीस प्रथम पडते. परंतु पुराणांतील व ताम्रपटांतील ज्या भोजकटाचा उल्लेख येतो, ते भोजकट म्हणजेच ही भातकुली, असे वऱ्हाडातील परंपरा सांगते आणि पुष्कळ विद्वानांनाही ते मान्य आहे. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या चम्मक येथे सापडलेल्या ताम्रपटात भोजकट-राज्याचे नाव आहे. म्हणजे सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी हे नाव एका गावापुरते नव्हते. एका मोठ्या प्रदेशाला ते लावले जात होते.

या भोजकटाची जी कथा भागवतात व हरिवंशात आली आहे, तिचा शेवट एका खेळात झाला. युद्धात हरूनही वाचलेला एक राजा खेळात मारला गेला. खेळ म्हणजे विरंगुळा, असे आपण सहज म्हणून जातो. मग तो माणसाचे मन असे कडू का करतो, आणि एकदा कडू झालेल्या खेळात पुन्हा गोडी कशी उत्पन्न होते, या प्रश्नाचा विचार करण्यास भातकुलीइतके योग्य ठिकाण क्वचितच सापडेल.

रुक्मी हा विदर्भाच्या भीष्मक राजाचा पुत्र व रुक्मिणीचा भाऊ. श्रीकृष्णाने रुक्मिणीहरण केले तेव्हा, कृष्णाला मारून बहिणीला परत आणल्याखेरीज कुंडिनपुरात पाऊल टाकणार नाही, अशी प्रतिज्ञा करून तो धावला. तो हरला. कृष्णाने त्याचे केस व मिशा विद्रूप करून कापल्या आणि बलरामाने मध्यस्थी करून त्याला सोडविले. प्रतिज्ञेमुळे वर्धाकाठच्या कुंडिनपुरास परतणे अशक्य झाले, म्हणून त्याने भोजकट वसविले. हे नगर असे एका अपमानाच्या आठवणीवर उभे राहिले होते.

पुढे कित्येक वर्षांनी सोयरीक जुळली. रुक्मीची नात रोचना कृष्णाचा नातू अनिरुद्ध याला दिली गेली आणि लग्नासाठी यादव भोजकटास आले. लग्न आटोपल्यावर कलिंगराजाने रुक्मीला भरीस घातले. बलरामाला फाशांची हौस आहे, पण हातोटी नाही. त्याला खेळास बोलवा, असे त्याने सुचविले. डाव मांडला गेला. बलरामाने शंभर, मग हजार, मग दहा हजार मोहरा पणास लावल्या आणि तो प्रत्येक वेळी हरला. कलिंगराजा दात दाखवून हसला. नंतर रुक्मीने लक्ष मोहरांचा पण लावला. तो बलरामाने जिंकला; परंतु ‘मीच जिंकलो’ असे रुक्मी म्हणाला. त्याहून मोठा डाव झाला, तोही बलरामाने जिंकला आणि रुक्मीने तोही नाकारला. तेव्हा बलराम जिंकला असा निर्णय आकाशवाणीने दिला, असे कथाकार सांगतो. रुक्मीने तोही मानला नाही. गाई वळणाऱ्या रानवट माणसांना फासे काय कळणार, असा टोमणा त्याने मारला. बलरामाचा संयम तेथे सुटला. भागवतात तो लोखंडी परिघाने रुक्मीला मारतो. हरिवंशात खेळाच्या पटानेच.

ही दुसरी कल्पना अधिक भेदक आहे. ज्या पटावर करमणूक मांडली होती, तोच पट शस्त्र झाला. परंतु बारकाईने पाहिले, तर त्या सभेत करमणूक पहिल्यापासूनच नव्हती. कलिंगाला थट्टा हवी होती, रुक्मीला जुन्या अपमानाचा सूड हवा होता, आणि तीन डाव हरल्यावर बलरामाला आपली प्रतिष्ठा सावरावयाची होती. फासे टाकण्यात स्वतःची अशी जी मौज असते, ती तेथे कोणाच्याच गणतीत नव्हती. शिवाय निर्णय देणारा पंच नव्हता. जो होता तो आकाशात होता आणि त्याचे ऐकणे कोणावर बंधनकारक नव्हते. खेळावर खेळाबाहेरचे ओझे लादले गेले आणि नियमांना कोणी धनी उरला नाही, तेव्हा भोजकटाचा तो फड रक्ताने संपला.

याच विदर्भाशी निगडित अशी फाशांची दुसरी कथा महाभारताच्या वनपर्वात आहे, आणि ती रुक्मीच्या कथेला जणू उत्तर म्हणून वाचता येते. दमयंती ही विदर्भाची राजकन्या. तिचा पती नल पुष्कराशी द्यूत खेळून राज्य गमावून बसला. त्याच्या शरीरात कली शिरला होता, असे कथा सांगते; हरत असताही थांबता न येणे, हे त्या कलीचे लक्षण. पुढे नल बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्णाचा सारथी झाला. ऋतुपर्णाचा रथ घेऊन तो कुंडिनपुराकडे दौडत असता वाटेत बेहड्याचे झाड लागले. ऋतुपर्णाने त्या झाडाची पाने व फळे पाहता क्षणी मोजून सांगितली. नलाने रथ थांबविला, झाड तोडले आणि स्वतः मोजून पाहिले. संख्या बरोबर निघाली. तेव्हा अश्वविद्येच्या बदल्यात त्याने ऋतुपर्णापासून अक्षविद्या घेतली, आणि ती विद्या प्राप्त होताच कली त्याच्या शरीरातून बाहेर पडला.

कथेतील हा क्षण विचार करण्यासारखा आहे. नलाचा कली राज्य परत मिळाल्यावर गेला नाही. राज्य अद्याप दूर होते. विजयामुळेही तो गेला नाही. तोवर एकही डाव खेळला गेला नव्हता. तो गेला, तो ज्या खेळाने नलाला बुडविले त्या खेळाचे मर्म कळले तेव्हा. पत्नीच्या भेटीची घाई असलेला हा मनुष्य रस्त्यात रथ थांबवून एका झाडाची फळे मोजीत बसतो, यात जी निखळ जिज्ञासा आहे, तीच त्याच्या आरोग्याची पहिली खूण होय. पुढे त्याने पुष्कराशी एकच डाव खेळून राज्य जिंकले आणि पुष्कराला क्षमा करून त्याचा वाटा परत दिला. सुडाची गरज त्याला राहिली नव्हती.

पुराणकथा सोडून इतिहासाकडे वळले, म्हणजे याच व्याधीचे आणि याच उपायाचे एक उत्तम उदाहरण गोल्फच्या खेळात आढळते. हिंदुस्थानास हा खेळ नवखा नाही. कलकत्त्याचा रॉयल गोल्फ क्लब १८२९ साली निघाला. ब्रिटिश बेटांबाहेरील तो सर्वांत जुना समजला जातो. मुंबईत १८४२ साली असा क्लब झाला. तथापि इंग्रजी अमदानीत हा साहेबांचा खेळ राहिला आणि त्याचे स्वरूप सामान्य माणसाला फारसे परिचित झाले नाही. वास्तविक विटीदांडू खेळलेल्या मुलाला त्यातले मर्म लगेच कळावे. येथेही दांडूने टोला मारून दूर पल्ला गाठावयाचा असतो आणि अंतराचा हिशेब ठेवावयाचा असतो. आपल्याकडे तो हिशेब ‘वकट, लेंड, मुंड, नाल’ अशा तेलंगी वळणाच्या शब्दांनी होतो, गोल्फमध्ये टोल्यांच्या आकड्यांनी होतो, इतकेच. चेंडू अठरा खळग्यांत क्रमाने पोचविण्यास ज्याला सर्वांत कमी टोले लागतील, तो जिंकला.

परंतु एका गोष्टीत गोल्फ विटीदांडूहून फार निराळा आहे. विटी उडते आणि विचार करण्यास अवकाश नसतो. गोल्फचा चेंडू मात्र गवतावर निश्चल पडलेला असतो. प्रतिस्पर्धी त्याला हात लावीत नाही. टोला चुकला, तर दोष देण्यास दुसरा कोणी नसतो. आणि एका टोल्यापासून दुसऱ्या टोल्यापर्यंत चालत जाताना चुकीची उजळणी करण्यास वेळ मात्र भरपूर असतो. त्यामुळे कौशल्य वाढूनही आनंद आटण्याची जी व्याधी सर्वच खेळांत आहे, ती या खेळात फार लवकर जडते.

अमेरिकेतील अटलांटा शहराचा बॉबी जोन्स हा या शतकापूर्वीच्या शतकातील अत्यंत थोर गोल्फपटू. त्याचा जन्म १९०२ सालचा. चौदाव्या वर्षी, १९१६ साली, तो राष्ट्रीय हौशी स्पर्धेत उतरला आणि बालचमत्कार म्हणून त्याचा गाजावाजा झाला. पुढची सात वर्षे मात्र त्याला एकही मोठी स्पर्धा जिंकता आली नाही. लोकांच्या अपेक्षा वाढत होत्या आणि त्याबरोबर त्याचा संतापही. १९२१ साली स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे, गोल्फच्या त्या काशीक्षेत्री, तिसऱ्या फेरीत त्याचा खेळ बिघडत गेला. अकराव्या खळग्याजवळ चेंडू वाळूच्या खड्ड्यात अडकला, आणि अखेर त्याने चेंडू उचलून स्पर्धाच सोडून दिली. खेळ अर्धवट टाकणे हा तेथे मोठा अपराध समजला जातो, आणि त्या कृत्याची खंत त्याला जन्मभर वाटत राहिली.

त्यानंतर जोन्सने एक साधा, पण फार खोल असा बदल केला. प्रत्येक खळग्यासाठी किती टोले पुरेसे आहेत, याचे एक ठरीव मान असते, त्याला ‘पार’ म्हणतात. जोन्सने माणसांशी झुंजणे सोडून या मानाशी खेळण्यास आरंभ केला. समोरच्या खेळाडूने काय केले, प्रेक्षक काय म्हणतात, उद्याच्या वर्तमानपत्रांत काय येईल, हे सर्व बाजूला सारून हा एक टोला नीट कसा बसेल, एवढ्यावर त्याने मन ठेवले. १९२३ साली अमेरिकेची खुली स्पर्धा त्याने जिंकली आणि १९३० पर्यंत तेरा मोठ्या स्पर्धा त्याच्या नावावर जमा झाल्या. १९२७ साली ज्या सेंट अँड्र्यूजमध्ये तो रुसून निघून गेला होता, तेथेच तो विजयी झाला. जिंकलेला चषक मायदेशी न नेता त्याने तो तेथील जुन्या क्लबाच्या स्वाधीन ठेवला, आणि त्या गावाने आपला सारा राग विसरून त्याला खांद्यावर घेतले.

तरीही यशाने ओझे हलके झाले नव्हते. मोठ्या स्पर्धेच्या काही दिवसांत त्याचे वजन ताणामुळे कित्येक पौंड घटत असे. १९३० साली ब्रिटन व अमेरिका यांच्या चारही प्रमुख स्पर्धा एकाच वर्षी जिंकल्यावर, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याने स्पर्धांतून निवृत्ती घेतली. धंदेवाईक खेळाडू तो कधीच नव्हता. व्यवसायाने वकील होता. खेळ त्याने सोडला नाही, खेळाचा पण सोडला. मित्रांबरोबर निवांतपणे खेळता यावे म्हणून त्याने ऑगस्टा येथे मैदान आखविले, आणि १९३४ पासून तेथे जी स्पर्धा सुरू झाली ती पुढे जगप्रसिद्ध झाली.

१९३६ च्या उन्हाळ्यात बर्लिनचे ऑलिंपिक पाहावयास निघालेला जोन्स वाटेत सेंट अँड्र्यूजला थांबला. त्या दिवसांत त्याचा खेळ अगदी सामान्य झाला होता, आणि एक घरगुती डाव खेळावा, एवढाच त्याचा बेत होता. परंतु बातमी गावात पसरली. दुकाने बंद करून हजारो माणसे मैदानावर लोटली. तेथे स्पर्धा नव्हती, चषक नव्हता. केवळ आपल्या माणसाला पुन्हा खेळताना पाहण्याची लोकांची इच्छा होती. त्या दिवशी जोन्सचा हात असा काही चालला की, पहिले नऊ खळगे त्याने ३२ टोल्यांत पुरे केले. पुढे असाध्य मज्जाविकाराने १९४८ नंतर त्याला गोल्फची काठी हाती धरता आली नाही. १९५८ साली सेंट अँड्र्यूजने त्याला आपले नागरिकत्व अर्पण केले, तेव्हा त्या पण नसलेल्या दुपारची आठवण त्याच्या मनात ताजी होती.

जोन्स ज्या बर्लिनला निघाला होता, त्याच बर्लिनला त्याच उन्हाळ्यात भातकुलीच्या शेजारून एक पथक गेले होते. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे ते खेळाडू. त्यांनी तेथे हुतूतू, खो-खो, मल्लखांब आदी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. पदकांच्या स्पर्धेत हिंदुस्थानच्या हॉकीसंघाने १५ ऑगस्ट १९३६ रोजी जर्मनीला ८ विरुद्ध १ असे हरवून सुवर्णपदक जिंकले, ते सर्वांच्या स्मरणात राहिले. अमरावतीकरांना पदक मिळण्याचा संभवच नव्हता. त्यांचे खेळ स्पर्धेत नव्हते. ते खेळून दाखविण्यासाठी गेले होते.

हे मंडळ कोणत्या पार्श्वभूमीवर उभे राहिले, ते पाहणे अवश्य आहे. मराठी राज्यात तालीम ही रणाची पहिली पायरी होती. मल्लखांबाचे पुनरुज्जीवन दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी केले. निजामाकडील नामांकित मल्लांचे आव्हान स्वीकारल्यावर ते सप्तशृंगीवर जाऊन राहिले आणि तेथे हनुमंताच्या कृपेने त्यांना ही लाकडी खांबावरची विद्या साधली, अशी आख्यायिका आहे. १८१८ साली पेशवाई गेली. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. १८७८ च्या कायद्याने शस्त्रे बाळगण्यावर निर्बंध आले. ज्या कारणासाठी घाम गाळावयाचा, ते कारणच नाहीसे झाले. आखाडे ओस पडले, आणि जे उरले त्यांत शिकलेल्या घरांतील मुलांना पाठविणे कमीपणाचे वाटू लागले. एखाद्या माणसाचा उत्साह जसा मावळतो, तसा एका समाजाचाही मावळतो, आणि त्या वेळी देशी खेळांचे तसेच झाले होते.

१९१४ साली अमरावतीत अनंत कृष्ण वैद्य आणि अंबादास कृष्ण वैद्य या बंधूंनी या मंडळाचा पाया घातला. योगायोग असा की, त्याच वर्षी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम बांधले. पुढे १९२३ साली बडोद्यास हुतूतूचे नियम छापले गेले आणि स्पर्धा भरविली गेली. नियमांनी खेळाची मोकळीक गेली, असा आक्षेप तेव्हाही घेतला जात असे व आजही घेतला जातो. तो अगदीच खोटा नाही. गावोगावची जी निराळी वळणे होती, त्यांपैकी काही पुसली गेली. परंतु भोजकटाची सभा ज्याला आठवते, त्याला नियमांचे मोल सांगावे लागत नाही. हद्द कोठे, गडी बाद केव्हा, दम कोठे तुटला, हे पंचाने सांगावयाचे आणि सर्वांनी ऐकावयाचे, असे एकदा ठरले म्हणजे भांडणात जाणारी संध्याकाळ खेळात जाते. आकाशवाणी मैदानावर उतरली, असे म्हटले तरी चालेल.

वैद्य बंधूंच्या आखाड्याने दुसरी गोष्ट साधली ती मल्लखांबासारख्या प्रकारांनी. खांब कोणाचा शत्रू नसतो. पुरलेला असो, टांगता असो, की वेताचा असो, तो मुलाला हसत नाही आणि त्याचा अपमानही करीत नाही. काल जी उडी जमली नाही ती आज जमली, एवढेच तेथे मोजले जाते. बॉबी जोन्सला सात वर्षांच्या मनस्तापानंतर जो ‘पार’ सापडला, तो अमरावतीच्या मुलाला पहिल्या दिवसापासून तेल लावलेल्या लाकडाच्या रूपाने समोर उभा होता. लढाई उरली नसताही तालमीत का यावे, या प्रश्नाला आखाड्याने दिलेले उत्तर असे होते की, शरीर वळविण्याची, पेलण्याची आणि शिकण्याची गोडीच त्यास पुरेशी आहे. त्या गोडीतूनच देशकार्यास बळकट माणसे मिळाली, ही गोष्ट खरी. परंतु ओस पडलेला आखाडा भरला, तो आधी मुलांना तेथे यावेसे वाटले म्हणून. ज्या हुतूतूला बर्लिनमध्ये पाहुण्याची जागा होती, तोच खेळ कबड्डी या नावाने १९९० साली बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत रीतसर दाखल झाला, आणि भारताने तेथे सुवर्णपदक मिळविले.

आज सुशिक्षित घरांतून खेळाकडे जी दृष्टी वळत आहे, तिचा विचार या इतिहासाच्या प्रकाशात करावयास हवा. मूल चांगले खेळू लागले की त्याच्यावर पण लावले जातात: गुण, प्रमाणपत्रे, शिष्यवृत्ती, घराण्याचा नावलौकिक. पालकांच्या मनातली जुनी पराजये त्याच्या खांद्यावर येतात, आणि शेजारी बसलेला एखादा कलिंगराजा हसतोही. मग एके दिवशी ते मूल बॅट किंवा रॅकेट कोपऱ्यात ठेवते आणि पुन्हा हात लावीत नाही. घरचे म्हणतात, जिद्द कमी पडली. वस्तुतः त्याची गोडी संपलेली असते आणि ती संपविण्यास घरचेच कारण झालेले असतात. मोठ्यांचेही याहून निराळे नाही. पन्नाशीच्या गृहस्थाने हौस म्हणून धरलेला खेळ दोन वर्षांत आकड्यांची चाकरी होतो, आणि रविवार सकाळ जड वाटू लागते.

अशा वेळी खेळ कायमचा सोडणे हा एक मार्ग आहे, आणि दात-ओठ खाऊन रेटणे हा दुसरा. नल, जोन्स आणि अमरावतीचा आखाडा यांनी तिसरा मार्ग दाखविला आहे. काही काळ पण बाजूस ठेवावा. ज्याच्याशी खेळण्यात सूड नाही, अशा सोबत्याशी खेळावे. नियम पाळावेत, कारण त्यांच्यावाचून खेळच उरत नाही. आणि ज्या एका गोष्टीने आपल्याला वारंवार चकविले, तिचे मर्म काय ते जिज्ञासेने पाहावे, रथ थांबवून फळे मोजणाऱ्या नलासारखे.

भोजकटाच्या त्या सभेची कोणतीही खूण भातकुलीत उरलेली नाही. नगर वसविणाऱ्या राजाचा मृत्यू जेथे झाला, तेथे काळी माती आहे आणि दर वर्षी तिच्यात कापूस पेरला जातो. वऱ्हाडातील कोणत्याही गावाप्रमाणे येथेही तिन्हीसांजेला मोकळ्या जागेत मातीवर हुतूतूची रेघ ओढली जाते. डाव कोणी जिंकला, हे अंधार पडेपर्यंत खेळणाऱ्यांनाही नीट आठवत नाही. आणि तरी दुसऱ्या दिवशी ती रेघ पुन्हा ओढली जाते.